वाया गेलेलं कास्टिंग कुणाच्या खात्यात?

गेल्या डिसेंबरात बेळगावला गेले होते. परत निघायच्या आदल्या दिवशी मामेभावानं पंजाएवढं अ‍ॅल्युमिनियमचं कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतून काढलेला भाग, माझ्या हातात ठेवलं. "तुमच्यात ते सीटी स्कॅनचं मशीन हाय म्हणतीस न्हवं? जाताना घेऊन जा आणि आत घालून बघ की. कुठं पोकळ राहतंय तेवढं कळलं तर बास."

उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतली मामांची फाउंड्री आता तोच, आमचा दादा, चालवतो. तीस वर्षं पंपांची आणि व्हॉल्व्हची कास्टिंगं काढलेल्या त्या शेडमध्ये हल्ली बेंगळुरूच्या एका ड्रोन कंपनीसाठी छोट्या इंजिनाचं हाउसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, ओततात. कंपनी नवी आहे, तिला केंद्राच्या योजनेतून पैसे मिळालेत, ड्रोन सैन्याला जाणार. दादाला एवढंच माहीत.

मी ते कास्टिंग आणलं नाही. ड्रॉइंग कंपनीचं, तिला विचारल्याशिवाय तुकडा बाहेर न्यायचा नसतो, हे एक. दुसरं असं की ब्रेमेनला मी ज्या प्रयोगशाळेत धातूंच्या तपासणीचं काम करते तिथं मशीनमध्ये काहीही ठेवण्याआधी फॉर्म भरावा लागतो, आणि त्या फॉर्मात ‘हेतू’ असा एक रकाना आहे. लष्करी हेतू लिहिला की तुकडा बाहेरच राहतो. ब्रेमेन विद्यापीठानं १९८६ साली ठराव करून लष्करी संशोधनाला दार बंद केलं. जर्मनीत याला ‘नागरी कलम’ म्हणतात, पुढं इतरही बऱ्याच विद्यापीठांनी ते स्वीकारलं. दादाला हे सांगितलं तर म्हणाला, "नुसतं अ‍ॅल्युमिनियम हाय गं ते." त्याचंही खोटं नव्हतं.

सुरुवातीला मला हा नियम ढोंगीपणाचा वाटायचा. याच शहरात उपग्रह बनतात, पाणबुड्यांसाठी सोनार बनतं. विद्यापीठात शिकलेली पोरं डिग्री घेतात आणि त्याच कारखान्यांत नोकरीला लागतात. मग हात स्वच्छ कुणाचे राहिले? पण एका रविवारी वेझर नदीकाठी फार्गेला गेले. तिथं ‘व्हॅलेंटिन’ नावाचा राक्षसी बंकर अजून उभा आहे. त्या काळातली सर्वांत नवी पाणबुडी, टाइप एकवीस, जोडण्यासाठी नाझींनी तो १९४३ मध्ये बांधायला घेतला. छताचं काँक्रीट काही ठिकाणी सात मीटर जाड आहे. हजारो कैदी आणि वेठबिगार तिथं राबवले, त्यातले हजाराहून जास्त मेले. एकही पाणबुडी तिथून पाण्यात उतरली नाही. मार्च १९४५ मध्ये ब्रिटिशांच्या बॉम्बनी छताला भगदाडं पाडली आणि काम थांबलं ते थांबलंच. आत उभं राहिल्यावर मान वर करून ती भोकं बघावी लागतात. ‘हेतू’चा रकाना कुठून आला ते मला तिथं कळलं.

आता तोच देश दुसऱ्या दिशेला निघालाय. रशियानं युक्रेनवर हल्ला केला त्यानंतर तीनच दिवसांनी, २७ फेब्रुवारी २०२२ ला, चॅन्सेलर शोल्त्झ यांनी संसदेत सैन्यासाठी शंभर अब्ज युरोंच्या खास निधीची घोषणा केली. २०२४ मध्ये बव्हेरिया राज्यानं तर कायदाच केला: विद्यापीठांनी असं नागरी कलम ठेवायचंच नाही. आमच्या कॅन्टीनमध्ये यावरून भांडणं होतात. युक्रेनमधून आलेली एक सहकारी आहे, ती एरवी कमी बोलते. एकदा म्हणाली, तुमचं कलम अमेरिकेच्या छत्रीखाली उभं राहून लिहिलंय. त्यावर टेबलावर कुणी काही बोललं नाही. मीही नाही.

मला या भांडणांचाच हेवा वाटतो. बेळगावात याच विषयावर बोलणं निघालं की ते पाच मिनिटांत संपतं. मे २०२५ मध्ये सीमेवर ड्रोनचे थवे आले, तेव्हापासून खडे बाजारातल्या चहाच्या गाड्यावरसुद्धा ड्रोनवर तज्ज्ञ मत मिळतं. एप्रिल २०२५ मध्ये कर्नूलला डीआरडीओनं, म्हणजे सरकारच्या संरक्षण संशोधन संस्थेनं, तीस किलोवॉटच्या लेझरनं ड्रोन पाडून दाखवला, त्याचा व्हिडिओ प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे. एक बाजू म्हणते, लागेल तेवढा पैसा ओता. दुसरी म्हणते, आधी खानापूरच्या शाळांची छपरं बघा. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर, आणि दोघांनाही आकडा माहीत नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणाला सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी होते, त्यात डीआरडीओचे २६ हजार ८१६ कोटी. म्हणजे संरक्षणाच्या रुपयातले चार पैसेसुद्धा नाहीत. या चार पैशांनी शाळांची छपरं उडाली असं म्हणता येत नाही, आणि याच्यावर आपण महासत्ता झालो असंही नाही.

आमचे आप्पा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. कॅम्पातल्या रेजिमेंटल सेंटरसमोरून जाताना आजही त्यांची पाठ आपोआप ताठ होते. मला वाटलं होतं ते म्हणतील, लेझर कसलं, आधी जवानाला बूट द्या. त्यांनी वेगळंच सांगितलं. "आमच्या वेळेला वर बघायला लागत न्हवतं. समोर बघितलं की झालं. आता पोरगं खंदकात बसतंय आणि डोक्यावर काय भुणभुणतंय ते त्याला कळत न्हाई. त्याच्यावर काय औषध निघत असंल तर काढू द्यात की." त्यामुळं ब्रेमेनचं कलम उचलून उद्यमबागेत चिकटवा असं मी म्हणणार नाही. ज्या तालुक्यांतून पिढ्यानपिढ्या पोरं भरतीला जातात तिथं उभं राहून ते म्हणायला तोंड लागतं, ते माझ्याकडं नाही.

मला बोलायचंय ते त्या कास्टिंगबद्दल.

फाउंड्रीवाल्याला संशोधन म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. नवा पॅटर्न आला की पहिले काही लॉट परत भट्टीत जाणार, हे त्यानं धरलेलंच असतं. कुठं गॅसनं पडलेलं ब्लो होल, कुठं आकसून पडलेली भेग. धातू आत सोडायचं गेट बदल, आकसताना धातू पुरवणारा राइझर बदल, पुन्हा ओत. पंपाच्या कामात हा खर्च पुढच्या हजारो नगांवर पसरतो. ड्रोनच्या कामात पुढचे हजारो नग येतील की नाही हे कुणालाच माहीत नसतं, म्हणून तर त्याला सरकारी पैसा लागतो. संरक्षणातल्या नव्या कल्पनांसाठी २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयडेक्स योजनेत नव्या कंपनीला दीड कोटीपर्यंत अनुदान मिळतं, पण तेवढीच रक्कम कंपनीनंही घालायची असते. २०२४ मध्ये आलेल्या ‘अदिती’ योजनेत ही मर्यादा पंचवीस कोटींपर्यंत गेली. डीआरडीओचा टेक्नॉलॉजी डेव्हलपमेंट फंड तर पन्नास कोटींपर्यंतच्या प्रकल्पांना हात देतो. कागदावर हे चांगलंच आहे, आणि दहा वर्षांपूर्वी यातलं जवळजवळ काहीच नव्हतं हेही मान्य करायला हवं.

पण पैसे टप्प्याटप्प्यानं येतात. टप्पा पार झाला की हप्ता. दादाच्या कंपनीचं इंजिन चाचणीत तापलं, टप्पा अडकला, हप्ता अडकला. कंपनीनं दादाचं बिल अडकवलं. अकरा महिने. चाळीस नगांतले सहा पास झाले होते आणि पैसे मिळायचे ते फक्त पासचे. उरलेल्या चौतिसांचं मटेरियल, वीज, मोल्डरांचा पगार आणि बेंगळुरूला करून आणलेल्या एक्स-रेचं बिल कुणाच्या खात्यात? योजनेचं नाव नवनिर्मितीचं आणि नापास होण्याचा सगळा खर्च सगळ्यांत शेवटच्या शेडवर. दादानं हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. "धंद्यात असतंयच की," म्हणाला. मला मात्र राग आला. परदेशातून आलेल्या माणसाला राग लवकर येतो, त्याला दुसऱ्या दिवशी शेड उघडायचं नसतं.

वरच्या पातळीवर नापास झालं की काय होतं तेही बघा. तापस हे टेहळणीचं ड्रोन २०११ मध्ये मंजूर झालं. तीस हजार फुटांवर सलग चोवीस तास उडावं ही अपेक्षा होती, ती पुरी झाली नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यातलं एक चित्रदुर्ग जिल्ह्यातल्या शेतात कोसळलं आणि २०२४ च्या सुरुवातीला तो प्रकल्प त्या स्वरूपात गुंडाळला गेला. सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगनं डिसेंबर २०२२ च्या अहवालात डीआरडीओचे १७८ प्रकल्प तपासले, त्यातल्या ११९ ना ठरलेली मुदत पाळता आली नव्हती आणि ४९ प्रकल्पांत तर मूळ मुदतीच्या दुपटीहून जास्त वेळ गेला होता. बातमी एक दिवस छापून आली. प्रकल्प फसला म्हणून मी बोट दाखवत नाही. नवीन शस्त्र बनवताना फसणारच. पुण्याच्या पाषाणमधल्या प्रयोगशाळेनं ज्याचं डिझाइन केलं ती एटीएजीएस तोफ २०१३ मध्ये सुरू झाली आणि ३०७ तोफांचा करार व्हायला मार्च २०२५ उजाडला. बारा वर्षं. त्या बारा वर्षांत कुणीतरी धीर धरला म्हणूनच तोफ झाली. पण कोणत्या अपयशावर धीर धरायचा आणि कोणतं गुंडाळायचं, हे ठरताना आपल्याला कधी ऐकू येत नाही.

जर्मन काही फार शहाणे आहेत असं नाही. त्यांनी युरोहॉक नावाच्या टेहळणी ड्रोनवर पाचशे दशलक्ष युरोंहून जास्त घालवले आणि मग लक्षात आलं की युरोपच्या आकाशात त्याला उडायचा परवानाच मिळणं अवघड आहे. पण २०१३ मध्ये संसदेच्या समितीनं साक्षी घेतल्या, संरक्षणमंत्र्यांना समोर बसवून विचारलं, तुम्हाला हे कधी कळलं? मंत्री तरले. तरी आज माझ्या कॅन्टीनमधला यंत्राला तेल घालणारा माणूससुद्धा युरोहॉकचं नाव घेऊन नव्या निधीवर प्रश्न विचारतो.

आमच्याकडं बेळगावात डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं. त्या दहा-बारा दिवसांत बेळगावात मंत्री मिळतात, सचिव मिळतात, पोलीस तर गल्लोगल्ली मिळतात. मराठी माणसाच्या महामेळाव्याला परवानगी नाकारायची, मग धरपकड, मग निषेध, हे वेळापत्रक आता तोंडपाठ झालंय. सीमाप्रश्न मी हलका करत नाही. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात पडून आहे, ते दुखणं आमच्या घरातलंच आहे. पण दादाच्या शेडमध्ये मोल्डर खानापूरचा मराठी, मशीनवरचा पोरगा बैलहोंगलचा कानडी, फेटलिंगला, म्हणजे कडा घासायला, ओडिशाची पोरं, आणि रिजेक्शनची चिठ्ठी इंग्रजीत येते. त्या चिठ्ठीवर अधिवेशनात कोणत्याच भाषेत प्रश्न निघत नाही.

खरं तर निघायला हवा. पुण्यात तोफांच्या आणि स्फोटकांच्या प्रयोगशाळा, बेंगळुरूला विमानांच्या, रडारच्या, इंजिनांच्या. दोघांना जोडणाऱ्या महामार्गावर बेळगाव, आणि फाउंड्री म्हटलं की या पट्ट्यात बेळगावचं नाव निघतंच. तपासणी केंद्रांसाठी केंद्रानं २०२० मध्ये चारशे कोटींची योजना आणली, तीत पंच्याहत्तर टक्क्यांपर्यंत खर्च सरकारचा. संरक्षण उद्योगांसाठीचे खास पट्टे, म्हणजे कॉरिडॉर, मात्र उत्तर प्रदेश आणि तमिळनाडूला मिळाले. एक चांगलं एक्स-रे आणि सीटी केंद्र उद्यमबागेत किंवा मच्छेला उभं राहिलं तर दादाला कास्टिंग माझ्या बॅगेत कोंबायची वेळ येणार नाही. आणि अनुदान देताना शेवटच्या शेडमधले ट्रायल लॉटही, पास असोत की नापास, प्रकल्पाच्या खर्चात धरले तर त्यात कुणाचं काही बुडत नाही. सोबत ‘हेतू’चा रकानाही हवा. ते ड्रोन फक्त बघणार आहे की मारणार आहे, आणि मारायचं कोण ठरवणार, माणूस की मशीन, हे दादाला विचारलं तर तो खांदे उडवतो. त्याच्या ऑर्डरवर पार्ट नंबर असतो, बाकी काही नसतं.

जुलैत त्याचा फोन आला. पाऊस जोरात होता, पत्र्यावरचा आवाज मला इकडं ऐकू येत होता. "पोकळ्या वाढल्यात गं." मी विचारलं, गॅस कसा काढतोस? म्हणाला, टॅबलेट टाकतोय. मग त्याला सांगितलं, बेळगावच्या पावसाळ्यात हवेतला दमटपणा वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम हायड्रोजन म्हणून ओढून घेतं, टॅबलेटनं भागणार नाही, फिरत्या रोटरनं नायट्रोजन सोड, आणि भट्टीत टाकायचं भंगार आधी वाळव. वीस मिनिटं बोलत होते. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की हे बोलताना मी कुठलाच फॉर्म भरला नव्हता.

रोटर त्यानं हुबळीहून जुना आणला, पदरचे पैसे घालून. परवा कळवलं: बत्तिसांतले एकोणीस पास. तेरा परत भट्टीत.