४३२ हर्ट्झ, गोबेल्स आणि काळी चार

गाण्याच्या क्लासच्या ग्रुपवर तो मेसेज या महिन्यात तिसऱ्यांदा आला. म्हणणं असं: निसर्गाचा सूर ४३२ हर्ट्झ, म्हणजे पवित्र १०८ गुणिले ४, आपले ऋषिमुनी त्यातच गात. माणसं बेचैन राहावीत म्हणून हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याने १९३९मध्ये जगावर ४४० हर्ट्झ लादलं. ४३२चं संगीत ऐका, पृथ्वीच्या स्पंदनांशी जुळाल. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग.

भांडण आहे ते वाद्यं जुळवताना धरायच्या प्रमाण सुराचं: पाश्चात्त्यांचा ‘ए’ हा स्वर, म्हणजे पेटीची पांढरी सहा, सेकंदाला किती कंपनांवर लावायचा. आधी गोबेल्स. ४४०ची शिफारस योहान शाइब्लर यांनी स्टुटगार्टमध्ये शास्त्रज्ञांच्या मेळाव्यात केली ती १८३४मध्ये. गोबेल्सचा जन्म १८९७चा. १९३९ला लंडनमध्ये परिषद भरली आणि ४४० ठरला हे खरं, पण तिथली गोष्ट फारच रुक्ष आहे. इंग्लंडात तेव्हा ४३९ रूढ होता. बीबीसी आपला प्रमाण सूर स्फटिकाच्या सेकंदाला दहा लाख कंपनांवरून काढत असे: हजाराने भागा, ११ने गुणा, २५ने भागा, ४४० हजर. ४३९ पडली मूळ संख्या, ती अशी भागाकार-गुणाकाराने हाती लागेना. १९५५मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनेही ४४०च घेतला. आणि ‘लादला’ म्हणावं, तर युरोपातले कित्येक वाद्यवृंद आजही ४४२-४४३ला लावतात, जुनं बरोक संगीत वाजवणारे ४१५ला. त्यांना कोणी पकडून नेलेलं ऐकिवात नाही.

४३२च्या बाजूने एक मोठं नाव मात्र आहे, इटलीचे संगीतकार व्हेर्दी. १८८४मध्ये त्यांनी त्याला पाठिंबा दिला होता. पण त्यांची तळमळ सगळीकडे एकच सूर असावा ही होती.

आता ऋषिमुनी. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदात किती कंपनं. हाइनरिश हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाचं नाव या मापाला १९३०मध्ये मिळालं, ते जाऊ द्या. मुद्दा सेकंदाचा आहे. दिवसाचे ८६,४०० तुकडे माणसाने केले म्हणून सेकंद एवढा. आपल्याकडे दिवसाच्या ६० घटका, घटकेची ६० पळं, पळाची ६० विपळं. म्हणजे एक विपळ ०.४ सेकंदाचं. ४३२ला विपळात मोजा: १७२.८. ४४०ला मोजा: बरोब्बर १७६. ऋषींच्या मापात अपूर्णांक निघाला तो ४३२चाच! १०८ गुणिले ४ची जादू टिकते ती फक्त घड्याळातला सेकंद धरला तर.

त्याहून मोठी गोम अशी की आपल्या संगीतात सा कुठे खिळलेलाच नाही. ज्याच्या गळ्याला जी पट्टी मानवेल ती. मी काळी एकला, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून गातो, शेजारच्या काकू काळी चारला. काल पेटीची काळी एक दाबून फोनवरचा ट्यूनर धरला: २७७ हर्ट्झ. भात्यावर हात जोरात पडला तसा आकडा किंचित हलला. ४३२च्या हिशेबाने हाच सा २७२ झाला असता. आणि गंमत बघा, काळी एकला सा धरला तर ४४० म्हणजे कोमल धैवत. मी भूप राग गायला बसलो तर त्यात तो स्वर येतच नाही. मग माझ्या भूपाने कोणाला कसं बेचैन केलं? (सूर न लागल्याने केलं असेल, तो वेगळा विषय.) शिवाय मींड घेताना गळा मधल्या सगळ्या आकड्यांवरून घसरत जातो, त्यातला पवित्र कोणता?

पृथ्वीचं स्पंदन म्हणजे शूमान अनुनाद, साधारण ७.८३ हर्ट्झ. त्या विद्युतचुंबकीय लहरी आहेत, कानाला ऐकू येणारा आवाज नव्हे. ७.८३ने ४३२ला निःशेष भाग जात नाही. म्हणून मेसेजवाले त्याचा ८ करतात, आठ चोपन्न ४३२. पण आठ पंचावन्न ४४० होतात, हे सांगायला विसरतात.

उरल्या ‘४३२मध्ये रूपांतरित’ ध्वनिफिती. बऱ्याचदा मूळ गाणं पावणेदोन टक्क्यांच्या आसपास संथ केलेलं असतं, पाच मिनिटांचं गाणं साडेपाच सेकंदांनी लांबतं. सूर जरा उतरतो, लय जरा सैल पडते. कुणाला ते निवांत वाटलं तर वाटो.

हे सगळं ग्रुपवर टाकल्यावर काकूंनी विचारलं, “मग तानपुऱ्याचं ॲप कशावर लावू रे?”

काळी चारवर, काकू. नेहमीसारखं.