इंटरनेटने मराठी मारली?

सध्या एक मजकूर ग्रुपांमधून फिरतोय. इंटरनेटमुळे मुलं मराठी रोमन लिपीत लिहितात, इंग्रजी शब्द कोंबतात, शुद्धलेखन विसरली आहेत आणि दहा-वीस वर्षांत प्रमाण मराठी संपणार, असं त्याचं म्हणणं. कळकळ खरी आहे, निदान चुकलंय.

आधी रोमन लिपी. एसएमएसच्या काळात एका मेसेजात १६० रोमन अक्षरं मावत. देवनागरीत लिहिलं की मर्यादा ७० वर येई, त्यातही काना, वेलांटी, अनुस्वार सगळं वेगळं मोजलं जाई. वर पलीकडच्या फोनवर बरेचदा नुसते चौकोन उमटत. पैसे मोजून चौकोन कोण पाठवणार? सवय तिथे लागली, ती अजून सुटलेली नाही. पण हे नवं नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात छापलं गेलं तेही रोमन लिपीत, कारण देवनागरी छपाईचे खिळे नव्हते. ‘जैसी हरळांमाजी रत्नकिळा’ ही मराठीची प्रसिद्ध स्तुती त्याच ग्रंथातली! आपले पणजोबा हिशेब मोडी लिपीत लिहीत, म्हणून त्यांची भाषा निराळी ठरली नाही.

इंग्रजी शब्दांचं म्हणाल, तर शिवकाळात फारसीला पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश झाला, तरी कागद, दुकान, सरकार राहिलेच. आता ती लिंक, तो मेसेज, ते अ‍ॅप. ही लिंगं कुठल्या समितीने ठरवली?

शुद्धलेखनाचा मुद्दा अर्धा खरा. ‘त्याचं’वरचा अनुस्वार रोज गळतो आणि वाचणारा ‘त्याच’पाशी अडखळतो. पण पूर्वी लोकांसमोर यायचं ते बहुतेक मुद्रितशोधकाच्या हातून गेलेलं. बाकीच्यांच्या चुका पोस्टकार्डातच राहत. आज न तपासलेलं लेखन चारचौघांत येतं, एवढाच फरक.

‘प्रमाण मराठी संपणार’ याला मजकुरात आधार शून्य. उलट अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी यूट्यूबवर ऐटीत बोलल्या जातात. छापील जगात त्यांना बहुधा पात्रांच्या तोंडापुरतीच जागा मिळे. याला कुणी ऱ्हास म्हणत असेल तर म्हणो.

मला खटकतं ते वेगळंच: ‘मला मदत कर’ऐवजी ‘माझी मदत कर’. शब्द सगळे मराठी, बांधणी हिंदीची. याचं खापर एकट्या इंटरनेटवर फुटणार नाही, हिंदी सिनेमा आणि मालिका त्याच्या आधीपासून आहेत. पण वाक्याची घडणच बदलते ती अशी, आणि त्या फिरत्या मजकुरात याबद्दल एक ओळही नाही.