हरवलेला, पण समोर दिसणारा चेंडू

गोल्फमध्ये चेंडू शोधायला 2019 पासून तीनच मिनिटं मिळतात. आधी पाच मिळायची. ही मिनिटं खेळाडू किंवा त्याचा कॅडी, म्हणजे पिशवी वाहणारा मदतनीस, शोधायला लागला की मोजायची असतात, बाकीच्यांनी शोधलं तर नाही. इतकं बारकाईनं सांगतोय, कारण आज आमच्या चौकडीतले एक गृहस्थ माझ्याआधी झुडपाशी पोचले आणि पोचताक्षणी घड्याळ लावून मोकळे झाले. मी तेव्हा शंभर पावलं मागे, ट्रॉली ओढत होतो.

"वेळ संपली," ते म्हणाले.

"अहो, हा काय चेंडू, तुमच्या बुटाशी."

"दिसतोय ना. पण हरवलाय."

तीन मिनिटांनंतर सापडलेला चेंडू हरवलेलाच, हा नियम खराच आहे. म्हणूनच जास्त संताप येतो. एका फटक्याचा दंड, परत टीवर, म्हणजे पहिला फटका मारला त्या जागी, जायचं आणि तिथून मारायचा तो तिसरा फटका. मागची चौकडी कमरेवर हात ठेवून बघत असतेच.

"गोल्फमध्ये फार वेळ जातो हो," परतीच्या वाटेवर ते म्हणाले. "माणसानं शिडाची बोट घ्यावी."

"तुमची आहे?"

"तीस फुटी."

"कुठे असते?"

"सध्या जमिनीवर. तळाला रंग लावणं चाललंय."

"त्याआधी?"

"त्याआधी इंजिन."

"शिडाच्या बोटीला इंजिन?"

"वारा पडला तर?"

"आणि वारा असला तर?"

"जास्त असला तर बोट बाहेर काढत नाही."

आता हिशेब मांडायचाच तर सरळ मांडू. गोल्फच्या पिशवीत 14 काठ्या चालतात. त्यातला ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याची काठी, बहुधा सर्वांत महाग, आणि 18 होलच्या फेरीत तो जेमतेम 14 वेळा बाहेर निघतो. काठी आणि चेंडूचा स्पर्श साधारण अर्ध्या मिलिसेकंदाचा. म्हणजे चार तासांत शंभर फटके मारले, तरी चेंडूशी एकूण संबंध सेकंदाच्या विसाव्या भागाइतका. चांगल्या खेळाडूच्या वाट्याला त्याहून कमी. पैसे वसूल होतात ते वाईट खेळणाऱ्याचेच.

बोटीचं गणित वेगळं. पाण्याच्या रेषेवर 25 फूट लांबीची जड बोट घ्या. पंचविसाचं वर्गमूळ पाच, गुणिले 1.34, म्हणजे जास्तीत जास्त वेग 6.7 नॉट. ताशी साडेबारा किलोमीटरच्या आत. किनाऱ्यावरचा सायकलवाला पुढे जातो, तोही गप्पा मारत. जायचंय तिकडूनच वारा येत असेल तर सरळ जाताच येत नाही. 45 अंशांत नागमोडी जायचं आणि दहा मैलांसाठी चौदा कापायचे.

हे झालं बोट पाण्यात असतानाचं. तळाला शेवाळ आणि बार्नेकल (शिंपल्यासारखे चिकटून बसणारे जीव) धरू नयेत म्हणून विषारी रंग. बोट ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्याजवळ जस्ताचा तुकडा, कारण समुद्रानं पंख्याऐवजी तो खावा. त्याला रंग लावायचा नसतो, पण ब्रश हातात आलेला माणूस तोही रंगवून टाकतो. मग पंखा झिजतो. इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपात रबरी पात्यांचा इम्पेलर असतो. समुद्राच्या पाण्याची तोटी उघडायची राहिली की तो कोरडा फिरतो आणि थोड्याच वेळात पाती तुटतात. नवा बसवला की झालं, असं वाटतं. नाही. तुटलेला प्रत्येक तुकडा शोधून काढावा लागतो, नाहीतर तो पुढे नळीत अडकतो आणि इंजिन पुन्हा तापतं. पाच सापडतात, सहावा सापडत नाही. या शोधाला वेळेची मर्यादा नाही.

गोल्फ निदान संध्याकाळी संपतो. पिशवी कोपऱ्यात ठेवली की ती वर्षभर काही मागत नाही. बोट उभी असताना लांबीच्या हिशेबानं भाडं खाते, आणि ते मालक झोपलेला असतानाही चालू असतं. माझ्या मते हा सामना बरोबरीचा नाहीच. पण हे त्या घड्याळवाल्याला कोण सांगणार?

"रविवारी या ना बोटीवर," निघताना ते म्हणाले. "सँडपेपर आणा, पाण्यात भिजवून चालणारा. जुना रंग कोरडा घासला की विषारी धूळ उडते. मास्क आणाच."

"आणि समुद्रात कधी?"

"आधी तळ तर होऊ दे."