आधी जमिनीची उंची पाहा

‘किनाऱ्यावर आलिशान घर घेताना आधी समुद्र किती दिसतो ते पाहा, बाकी सगळं नंतर’ हे लेखातलं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. दृश्य पहिल्याच भेटीत कळतं, जमिनीची उंची नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला जोरदार पाऊस जुळून आला की नाल्यांची तोंडं समुद्राच्या पाण्याखाली जातात आणि पाणी वस्तीत तुंबतं. अशा दिवशी तिथला रस्ता पाहून या, मगच सौदा करा.

आणि खाऱ्या हवेचा उल्लेखच नाही! समुद्राला लागून राहिले आहे मी. ग्रिल, बिजागऱ्या, एसीची बाहेरची युनिटं सतत गंजायची. क्षार काँक्रीटमध्ये शिरून सळया गंजवतात, गंज फुगतो आणि स्लॅबला तडे जातात. नव्या इमारतीची लॉबी बघण्याआधी शेजारच्या जुन्या इमारतींचे छज्जे जरूर बघा.