जनुकीय चाचणी आणि अमेरिकेतला विमा: खुलासा

'अमेरिकेत कुठलीच विमा कंपनी जनुकीय चाचणीचा अहवाल विचारात घेऊ शकत नाही,' असा मेसेज फिरतोय. हे अर्धंच खरं आहे. जनुकीय माहितीवरून होणारा भेदभाव रोखणारा २००८ चा 'जीना' (GINA) कायदा विम्यापैकी फक्त आरोग्य विम्याला लागू होतो. बीआरसीए (BRCA) या स्तनाच्या कर्करोगाशी संबंधित जनुकात दोष निघाला किंवा आईला स्तनाचा कर्करोग झाला होता, एवढ्यावरून आरोग्य विमा नाकारता येत नाही, हप्ताही वाढवता येत नाही. (हो, घरातल्यांचे आजारही 'जनुकीय माहिती'तच मोडतात, हे अनेकांच्या गावीही नसतं.) पण आयुर्विमा, अपंगत्व विमा आणि दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा या कायद्याबाहेर आहेत. फ्लोरिडाने २०२० मध्ये स्वतःचा कायदा करून या तीन विम्यांनाही लगाम घातला. म्हणून आयुर्विमा काढायचा असेल, तर चाचणीआधी आपल्या राज्याचा कायदा बघून घ्या.