वेट ब्लास्टिंगची जादू आणि तिच्याआधी-नंतरची कामं

एका फोटोत काळवंडलेलं क्रँककेस (इंजिनाचं बाहेरचं कवच) एका बाजूला, तेच चांदीसारखं उजळलेलं दुसऱ्या बाजूला, आणि खाली मजकूर: ‘वेट ब्लास्टिंगमध्ये धूळ नाही, मास्क नको. धातू झिजत नाही. तेल-ग्रीस काढायची गरज नाही. काचेचे मणी कुठे अडकत नाहीत, गंज परत येत नाही, बारीक भेगाही दिसायला लागतात. भाग मशीनमधून काढा आणि थेट जोडा. ड्राय ब्लास्टिंगचे दिवस संपले.’ हा मजकूर इतक्या जणांनी पुढे पाठवलाय की त्याला मुद्द्यागणिक उत्तर द्यायला हवं. फोटो खरा असणार, असं फिनिश नक्की मिळतं. पण मजकुरातले बहुतेक दावे अर्धवट आहेत आणि दोन तर इंजिन खलास करू शकतात.

आधी यंत्र काय करतं ते पाहू. ड्राय ब्लास्टिंगमध्ये सफाईचे कण कोरडेच हवेने मारतात. इथे पाणी आणि मीडिया (मारायचे कण), म्हणजे बहुतेक वेळा ग्लास बीड (काचेचे मणी), यांची स्लरी (पातळ मिश्रण) पंपाने गनपर्यंत येते आणि तिथे कंप्रेसरची हवा तिला वेग देते. मणी आणि धातू यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर असल्याने मार सौम्य बसतो, मणी कमी फुटतात आणि निघालेला मळ तिथल्या तिथे वाहून जातो. ॲल्युमिनियमला ती मऊ, एकसारखी झळाळी त्यामुळेच येते. तेवढं श्रेय निर्विवाद.

‘धूळ नाही, मास्क नको.’ धूळ खूपच कमी होते, हे खरं. पण कॅबिनेटमध्ये तुषार उडतात, दार उघडलं की ते बाहेर येतात, आणि जमिनीवर सांडलेली स्लरी वाळली की तिची पुन्हा धूळच होते. शिवाय धोका मीडियापेक्षा निघणाऱ्या थराचा जास्त असू शकतो. जुन्या रंगातलं शिसं किंवा कॅडमियमचा मुलामा पाण्यात गेला म्हणून निरुपद्रवी होत नाही; फक्त हवेऐवजी गाळात जातो, आणि तो गाळ गटारात ओतता येत नाही. काही जण खर्च वाचवायला साधी वाळू वापरतात. वाळूतल्या सिलिकामुळे सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो म्हणून ब्रिटनने ओतीव भागांच्या ब्लास्टिंगमध्ये ती 1949 च्या नियमांनीच बंद केली. पाणी मिसळून वाळूला अभय मिळत नाही. मॅग्नेशियमच्या भागांचं तर वेगळंच प्रकरण: त्याची बारीक पूड पाण्याशी संयोग पावून हायड्रोजन सोडते. झाकण लावून बंद ठेवलेल्या टाकीत तो साचू देणं म्हणजे आगीला आमंत्रण.

‘धातू झिजत नाही.’ मीडिया कोणता, दाब किती आणि गन एका जागी किती वेळ धरली, हे न सांगता केलेल्या या विधानाला अर्थ नाही. गोल ग्लास बीड कमी दाबाने मारले तर धातू जवळपास जात नाही, पृष्ठभाग ठोकला जातो. टोकदार ॲल्युमिनियम ऑक्साइड मात्र पाण्यातही कापतो. आणि मापं बदलली नाहीत तरी पोत बदलतो: सिलिंडरच्या बोअरमधल्या (आतल्या भिंतीवरच्या) होनिंगच्या, म्हणजे मुद्दाम घासून काढलेल्या, तिरप्या रेघा, बेअरिंग बसायची जागा, व्हॉल्व्ह सीट, सीलची कड हे सगळं झाकूनच काम करायचं असतं. ॲनोडायझिंग (ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर) आणि पातळ प्लेटिंगही टिकेलच असं धरू नये.

‘तेल-ग्रीस असू दे.’ नको. तीच स्लरी फिरत राहते, त्यामुळे एका भागाचं ग्रीस पुढच्या प्रत्येक भागावर चढतं. फेस येतो, मणी चिकट होतात, ॲल्युमिनियम राखाडी दिसायला लागतं आणि शेवटी सगळी टाकी रिकामी करावी लागते. आधी डिग्रीस, मग ब्लास्ट.

‘मणी अडकत नाहीत.’ सगळ्यात महाग पडणारा दावा हा. मणी धातूत रुतून बसण्याचं प्रमाण कोरड्या पद्धतीपेक्षा कमी असतं, एवढंच खरं. पण रुतणं वेगळं आणि साठणं वेगळं. ऑइल गॅलरी (इंजिनातले तेलाचे मार्ग), आंधळी (एका टोकाला बंद) भोकं, आट्यांच्या खाचा, कार्ब्युरेटरचे बारीक मार्ग यांत स्लरी शिरते आणि वाळली की कोपऱ्यात घट्ट थर धरते. वरून फुंकर मारून तो निघत नाही. पुढे गरम तेलाने तो सुटतो आणि थेट बेअरिंगमध्ये जातो. काच बेअरिंगच्या मऊ धातूपेक्षा कितीतरी कठीण असल्याने परिणाम सांगायला नको. म्हणून गॅलरीचे प्लग आधी काढायचे, नको ती तोंडं बुचांनी बंद करायची, आणि काम झाल्यावर भाग ओला असतानाच भरपूर पाण्याने, ब्रशने, मग हवेने, प्रत्येक मार्ग दोन्ही टोकांकडून साफ करायचा. ज्या मार्गाचं दुसरं टोक दिसत नाही किंवा प्लग निघत नाही, तो भाग वेट ब्लास्टिंगला देऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. झळाळीसाठी एवढी जोखीम घ्यायचं कारण नाही.

‘गंज परत येत नाही.’ ॲल्युमिनियमपुरतं चालेल, तिथेही पाण्याचे डाग पडतात ते वेगळं. पोलाद आणि ओतीव लोखंड मात्र उघडे आणि ओले असताना काही मिनिटांत तांबूस पडतात. गंजरोधक घातलेलं पाणी, गरम पाण्याची शेवटची धुणी, लगेच हवेने वाळवणं आणि तेल किंवा प्रायमर, ही साखळी तुटली की केलेली मेहनत वाया. स्टेनलेस स्टीलसाठी आणखी एक पथ्य: साधं पोलाद साफ केलेल्या स्लरीत ते टाकू नये. लोखंडाचे कण त्याच्यावर बसतात आणि नंतर तिथेच गंजाचे ठिपके उमटतात.

पातळ पत्रा वाकत नाही, अशीही पुस्ती काही जण जोडतात. कारण काय, तर पाणी तो थंड ठेवतं. पत्रा मुख्यतः उष्णतेने वाकत नाही, एकाच बाजूने ठोकला गेल्याने वाकतो. पाण्याने मार सौम्य होतो, थांबत नाही.

‘भेगा दिसायला लागतात.’ मळाखाली झाकलेली मोठी भेग दिसेल. बारीक भेगेचं उलट होऊ शकतं: मण्यांच्या माराने धातू पसरून तिचं तोंड मिटतं आणि डाय पेनिट्रंट चाचणीतला, म्हणजे भेगेत मुरून ती दाखवणारा, रंग आत शिरत नाही. म्हणून भेगांची शंका असलेल्या कनेक्टिंग रॉडसारख्या भागाची तपासणी रसायनाने साफ करून ब्लास्टिंगच्या आधी करावी. आधीच ब्लास्ट झालं असेल तर हलकं एचिंग करून (रसायनाने वरचा पातळ थर काढून) मिटलेली तोंडं उघडावी लागतात.

राहिलं ड्राय ब्लास्टिंग. जाड रंग, पावडर कोटिंग, वेल्डिंगचा स्केल (कडक पापुद्रा), खोल गंज यांवर ग्लास बीडची स्लरी तासन्‌तास घालवते. तिथे कोरडा टोकदार ग्रिट (खडबडीत कण) झटपट काम करतो. जाड कोटिंग चढवायचं असेल तर पृष्ठभाग खरखरीत लागतो आणि गोल मण्यांनी गुळगुळीत झालेल्या पोलादावर ते नीट धरत नाही. भारी रंग आणि गंज कोरड्याने काढून नंतर ॲल्युमिनियमच्या भागांना ओल्याने शेवटचा हात, अशी विभागणी करणाऱ्यांना दोन्ही यंत्रं लागतात. एकच घ्यायचं असेल तर आपल्याकडे पोलादी चासी जास्त येतात की ॲल्युमिनियमची क्रँककेस, ते मोजून घ्या. आणि वेट मशीनच्या खर्चात पंपाची झीज, गाळाची विल्हेवाट आणि धुण्या-वाळवण्याची जागा धरायला विसरू नका.