वाडी आहे म्हणून मित्र नकोत?

बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणांबद्दल पालकांमध्ये एक मजकूर फिरत असतो. त्याचा सारांश असा: कोकणात अशी मुलं एकटी पडत नाहीत, अख्खी वाडी सांभाळते. मैत्री त्यांना कळत नाही, बाहेर पाठवलं तर लोक फसवतात आणि आईवडिलांनंतर भाऊ आहेच.

वाडीचं आधी. आरतीला अशा मुलाच्या हातात झांज देतात, शिमग्याच्या पालखीसोबत नेतात, हे खरंच आहे आणि मोलाचंही आहे. पण गेल्या महिन्यात घरच्यांखेरीज कुणी त्याला आपणहून फोन केला? तिथे बहुतेक घरं गप्प होतात. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात मोफत शिक्षणाची हमी 18 वर्षांपर्यंतच आहे. विशेष शाळेची गाडी थांबली की सोबती तालुकाभर विखुरतात. वाडीतली बरोबरीची मुलं मुंबई-पुण्याला जातात. मागे उरतात ती बहुतेक आईच्या ओळखीची माणसं. कागदावर त्याच्या ओळखीच्यांची नावं लिहून पाहा: नातेवाईक आणि पगारी माणसं वगळा, पस्तिशीच्या आतली मोजा.

‘मैत्री कळत नाही’ हे तर साफ चूक. आवडती माणसं त्यांना पक्की ठाऊक असतात. अडतं ते भेट जुळवण्यात. वार, वेळ, जागा ठरलेली हवी. सुरुवातीला पाऊण तास पुरे, आणि कधी संपणार हे आधीच सांगावं. नुसतं गप्पांना बसवू नये; कॅरम, भजनाची तालीम, काजू सोलणं, असं हाताला काहीतरी द्यावं. फोनमध्ये नावाऐवजी फोटो दाबून कॉल लागेल असं करावं. बिघडतं ते बहुधा दोन कारणांनी: आई मध्ये बसून त्याच्या वतीने उत्तरं देते, किंवा पावसात एसटी रद्द होते आणि भेटीची सवयच मोडते. म्हणून पावसाळ्यात त्याच वेळी व्हिडिओ कॉल ठेवावा. एसटीचा सराव टप्प्याटप्प्याने: आधी शेजारी बसून, मग मागच्या सीटवरून, मग उतरायच्या थांब्यावर उभं राहून. गाडी चुकली तर काय करायचं, याचाही सराव मुद्दाम घ्यावा. हा सराव राहिला की पहिल्याच गोंधळात सगळं बंद पडतं.

फसवणुकीची भीती खोटी नाही. पण त्रास देणारा पुष्कळदा ओळखीतलाच असतो, आणि ज्याला घराबाहेर सांगायला कुणी नाही तो गप्प राहतो. घराबाहेरची दोन विश्वासाची माणसं त्याला नावानिशी ठाऊक असावीत. खिशात तिकीट आणि चहापुरते पैसे. कुणी जास्त मागितले तर ‘विचारून सांगतो’ हे वाक्य घोकून घ्यावं.

राहिला भाऊ. 18 वर्षांनंतर आईवडीलसुद्धा आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असलेल्यांसाठी जिल्हास्तरावरची स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमते. पालकत्वाचा तो कागद जरूर करावा, पण त्याने सोबत मिळत नाही. मुंबईत नोकरी करणाऱ्या एकट्या भावावर सगळं टाकणं त्याच्यावरही अन्याय आहे. कामं आताच वाटावीत: बँक एकाकडे, औषधं दुसऱ्याकडे, आठवड्याची भेट तिसऱ्याकडे. आईवडील धडधाकट असतानाच या तिघांनी ती करून पाहावीत. दुखलं की तो कसं सांगतो, कशाला घाबरतो, गोळ्या कोणत्या, हे एका पानावर लिहून तिघांकडे द्यावं. डोस बदलला की तिन्ही पानं त्याच दिवशी बदलावीत. जुन्या पानावरून चुकीची गोळी जाते.